जावयाचं घड्याळ

सगळ्यात आधी हात जोडून एक विनंती. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरोघरी दिवाळीची आवराआवर चालू असेल. पंखे पुसा, डबे घासा, समया उजळा, पण मनगटावरच्या घड्याळाच्या वाट्याला जाऊ नका. मळलेलं दिसत असेल तर मऊ फडक्यानं पुसा आणि ठेवून द्या. चिंच लावू नका, रिठ्याच्या पाण्यात बुडवू नका, भांड्यांची पावडर चोळू नका. आणि टूथपेस्टनं ओरखडे जातात असा व्हिडिओ ज्यानं तुम्हाला पाठवला असेल, त्याच्याशी निदान पाडव्यापर्यंत बोलू नका.

इतकं चिडून लिहितोय, कारण भाऊबीज उरकली की ही सगळी घासलेली, चोळलेली, उकळलेली घड्याळं माझ्या काउंटरवर येतात. आणि घेऊन येणारा प्रत्येकजण अगदी निरागस चेहऱ्यानं सांगतो, "भाई, काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." घड्याळ आपोआप चालतं हे मला माहीत आहे. आपोआप खरवडलं जातं हे मला या धंद्यात गिऱ्हाइकांनीच शिकवलं.

माझा धंदा काय ते आधी सांगतो, कारण जळगावातही तो फार थोड्यांना कळतो. घड्याळाचं मशीन दुरुस्त करणारे कारागीर वेगळे. मी बघतो ते घड्याळाचं अंग. बाहेरची केस म्हणजे धातूचं कवच, काच, पट्टा, त्यावरचे ओरखडे, पोचे आणि डाग. उमेदीची वर्षं मुंबईत एका मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या पॉलिशच्या टेबलावर काढली. मग अब्बांची तब्येत ढासळली म्हणून गावी आलो आणि त्यांच्याच दुकानात, भिंतीच्या कडेला, बफाची मोटर बसवली. बफ म्हणजे कापडाचं गोल चाक. ते गरगर फिरतं आणि त्यावर धातू टेकवला की चमकतो. जळगावात ओरखडे काढून घ्यायला कोण येणार, असं तेव्हा अब्बांचं म्हणणं होतं. त्यांचा अंदाज साफ चुकला. केळीचा पैसा आला, कापसाचा आला, प्लॉटचा आला आणि मनगटांवर परदेशी घड्याळं आली. ती वापरायची कशी, एवढं मात्र त्यांच्या डब्यातून आलं नाही.

केळीचा चीक कपड्याला लागला की कपडा कामातून गेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तोच चीक मगरीच्या कातड्याच्या पट्ट्याला लागला की बागाईतदार मला विचारतात, "भाई, हे जाईल ना?" अहो, तुमच्या धोतराचा गेला नाही तो पट्ट्याचा कसा जाईल? आणि मुळात एवढ्या किमतीचं घड्याळ घालून घड कापायला गेलात कशाला? तर म्हणे, बागेत व्यापारी यायचा होता, त्याला दिसायला पाहिजे.

जामनेरच्या एका आडत्यांनी तर कमाल केली. लक्ष्मीपूजनाला सोन्यानाण्याबरोबर घड्याळही ताटात ठेवलं, इथवर ठीक. पुढे त्याला कुंकू लावलं, तेही एक वेळ चालेल. पण त्यानंतर त्यांनी त्यावर पंचामृत सोडलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "दुकानवाला म्हणाला होता, पाण्यात चालतं." पाण्यात चालतं, शेठ, मधात नाही. घड्याळ चालू होतं, पण पट्ट्याच्या कड्यांच्या सांध्यांत मध-साखर घट्ट बसली होती आणि मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांच्या मनगटावर मुंग्या चालल्या होत्या.

हे सगळं मी हसून सांगतो खरा, पण काम करताना हसू येत नाही. कारण एक गोष्ट हजारदा सांगूनही गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरत नाही. ओरखडा पुसता येत नाही. तो पाटीवरचा खडू नाही. ओरखडा म्हणजे तिथला धातू गेलेला असतो. मी पॉलिश करतो म्हणजे त्या ओरखड्याच्या खोलीपर्यंत आजूबाजूचाही धातू उतरवतो. दर पॉलिशला घड्याळ थोडं झिजतं, धारदार कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पातळ होतात. म्हणून चांगला पॉलिशवाला निम्म्या गिऱ्हाइकांना परत पाठवतो. मीही पाठवतो, आणि मग तीच मंडळी बाहेर जाऊन सांगतात, सलीमला गुर्मी आली आहे.

दुसरी गोष्ट तर त्याहून अवघड. महागड्या घड्याळाचा सगळाच भाग चमकदार नसतो. बाजूचा उतार आरशासारखा असतो, पण वरचा भाग मुद्दाम रेघांचा ठेवलेला असतो. एकाच दिशेनं ओढलेल्या केसापेक्षा बारीक रेघा, त्यामुळे तिथे उजेड नुसता पसरतो, चकाकत नाही. आम्ही त्याला मॅट म्हणतो. घड्याळाची अर्धी किंमत या दोन भागांच्या मधल्या सरळ धारदार रेषेत असते. आता जळगाव पडलं सोन्याचं गाव. इथल्या माणसाची नजर लहानपणापासून सराफाच्या काचेसमोर तयार झालेली. चमकतं ते नवं, नाही चमकत ते जुनं, मळलेलं किंवा खोटं, एवढं त्याचं गणित पक्कं. त्याला मी मॅट कुठून समजावू? "एवढे पैसे देऊन हे असं पुसट?" असं म्हणत कितीजण नवी कोरी घड्याळं चमकवायला घेऊन येतात. मी हात टेकले आहेत.

ही चमक-मॅटची भानगड इतकी उकलून सांगितली, कारण तिच्यापायी एका मुलीचं सासरी जाणं अडलं होतं आणि तिची नोकरी जायची वेळ आली होती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्याचे शेवटचे दिवस. दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसत होता. अशा उन्हात चोपड्याकडच्या एका गावाहून नाना आले. केळीचे मोठे बागाईतदार, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खांद्यावर पंचा. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पंच्यात गुंडाळलेला डबा काढून काउंटरवर ठेवला आणि उघडून माझ्याकडे सरकवला.

"सलीमभाऊ, हाई घडी देखा. नवी शे का जुनी, तेवढं सांगा."

मी म्हटलं, बघतो, पण आधी काय झालं ते सांगा. तेव्हा मग त्यांनी सांगितलं. थंडीत मुलीचं लग्न झालं होतं. मुलगी जागृती, शिकलेली, लग्नानंतर धुळ्याच्या एका शाळेत शिकवायला लागलेली. जावई धुळ्याचेच, इंजिनिअर. लग्नात जावयाला घड्याळ-अंगठी देण्याची आपल्याकडे रीतच आहे. नानांनी स्वतः मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये जाऊन स्वित्झर्लंडचं घड्याळ घेतलं होतं. जावयानं ते हौसेनं घातलं, मित्रांना दाखवलं. त्यातल्या एका मित्राला घड्याळांचा भारी नाद. त्यानं मोबाईलच्या उजेडात घड्याळ फिरवून फिरवून पाहिलं आणि सांगितलं, याला पॉलिश झालेलं आहे. नव्या घड्याळाला कोण पॉलिश करतं? कुणाचं तरी वापरलेलं घासूनपुसून तुझ्या गळ्यात मारलंय.

झालं. धुळ्याच्या घरात कुजबुज सुरू झाली. मानाच्या वस्तूत फसवलं, बाकी कशात फसवलं असेल कोण जाणे. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि सण झाला की सासरचं माणूस त्यांना न्यायला येतं. जागृती आखाजीला माहेरी निघाली तेव्हा सासूनं हे घड्याळ डब्यासकट तिच्या बॅगेत घातलं आणि म्हटलं, "वडिलांना दाखव. ते समजतील."

"आखाजी व्हई गयी," नाना म्हणाले, "मनी आंडेर तईनपाईन घर बशेल शे. जवाई लेवाले येत नही. फोन करा तं म्हणतस, आधी घडीनं काय ते सांगा." आंडेर म्हणजे लेक, आणि ती तेव्हापासून माहेरीच बसून होती.

नाना चिडून शोरूममध्ये गेले होते. त्या लोकांनी घड्याळ पाहून सांगितलं, आम्ही नवंच विकलं, हे पॉलिश बाहेर झालंय, आमचा संबंध नाही. त्यामुळे नानांची खात्री पटली होती की शोरूमवाल्यांनीच त्यांना गंडवलं आणि आता अंग झटकताहेत. इकडे जावयाची खात्री पटली होती की सासऱ्यांनी गंडवलं. मधे ती मुलगी.

मी आयग्लास डोळ्याला लावला. हे आमचं छोटं भिंग, डोळ्याच्या खोबणीतच बसतं. बघायला लागलो. वरचा मॅट भाग आरशासारखा लखलखत होता. चमक आणि मॅट यांच्या मधली ती धारदार रेषा कुठे होती ते सांगणंही कठीण. कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. आणि पट्ट्याच्या कड्यांच्या सांध्यांत लाल मेण. हे लाल मेण घड्याळवाला असं राहू देत नाही. तो मशीन बाहेर काढतो, केस आणि पट्टा वेगळा करतो, धुतो. हे मेण सोनार बफाला लावतात.

मी आयग्लास काढला. "नाना, एक विचारू? जावयाला द्यायच्या आधी हे सोनाराकडे नेलं होतं का?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की मुलीला लग्नात आंघोळ घातली होती का.

"मंग! लई गयथू ना. नवी चीज आशी मयकट देतस का? डबा उघाडा तं वरना बठ्ठा भाग पुसट. चमकच नही. जवाईना हातमा आशी घडी दिसनी तं लोके हसतीन. आमना सोनारना कडे दिधी, त्यानी लगेच आरसागत चमकाडी दिधी."

मी कपाळाला हात लावला. खरं सांगतो, त्या क्षणी मला नानांचा, त्या सोनाराचा, त्या मित्राचा, जावयाचा, सगळ्यांचा एकदम राग आला. शोरूममध्ये विकणाऱ्यानं डबा देताना एवढं एक वाक्य सांगितलं असतं, की काका, हे असंच असतं, तर कुणाचं काय जाणार होतं? आणि त्या मित्राचं मला फार वाईट वाटतं. मुलगा जाणकार होता, पॉलिश त्यानं बरोबर ओळखलं. पण का झालं असेल, हे विचारावं असं त्याला सुचलं नाही. त्याच्या घरी कधी कुणी नवी वस्तू उजळून दिली नसावी. आणि नानांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती ती लपवायची म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. भाजी धुऊन चिरली हे कुणी पाहुण्यांना सांगतं का?

मी त्यांना सगळं समजावलं. मॅट म्हणजे काय, पॉलिशनं काय होतं, मित्राला काय दिसलं. ऐकता ऐकता नानांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते स्टुलावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे मनाच हाततीन व्हयनं हाई?"

मी मान हलवली.

"चमकाडाले लई गयथू भाऊ," ते हळूच म्हणाले. "खराब कराले नही."

मग मी त्यांच्यासमोरच जावयाला फोन लावला. म्हटलं, आता सगळं उलगडलंय, दोन मिनिटांत मिटेल. मी माझी ओळख सांगितली, सोनाराची हकिगत सांगितली, घड्याळ कोरं होतं आणि तुमच्या सासऱ्यांनी तुमच्यासाठी ते जास्त चांगलं दिसावं म्हणून चमकवून घेतलं, हेही सांगितलं. मुलगा बोलायला सभ्य. सगळं ऐकून घेतलं.

"ओके, समजलं. पण म्हणजे आता ते ओरिजिनल राहिलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही. पण रेघा परत आणता येतील. बऱ्यापैकी जवळ जाता येईल."

"मग तेवढं करा. मला काही नाही हो, पण घरच्यांना दाखवायला लागतं. घड्याळ नीट झालं की मी येतोच न्यायला."

"आणि तोवर?"

"तोवर राहू दे ना तिला माहेरी. काय घाई आहे?"

घाई होती. जूनच्या मध्याला तिची शाळा उघडणार होती. पहिल्या दिवशी हजर राहिली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई घेऊ, असा शाळेचा निरोप आलेला होता. हे मला नानांनी फोन ठेवल्यावर सांगितलं. म्हणजे त्या पोरीची नोकरी आता माझ्या एमरी पेपरवर, म्हणजे धातू घासायच्या खरखरीत कागदावर, अवलंबून होती. तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबा ठेवून घेतला.

आता हे काम काय असतं ते सांगतो. गुळगुळीत झालेल्या पोलादावर मुद्दाम ओरखडे पाडायचे, पण असे की सगळे एका दिशेनं, एका खोलीचे, एकमेकांना न ओलांडणारे. आधी मशीन बाहेर काढायचं. उतारावरच्या चमकदार भागाला चिकटपट्टी लावून झाकायचं. सपाट ठोकळ्यावर एमरी पेपर ताणून बसवायचा आणि केस त्यावर एकाच झटक्यात ओढायची. मागेपुढे केली की गेलं. हात मधेच थांबला की गेलं. श्वास लागला तरी रेघ वाकते. आणि एक बाजू बिघडली की सगळी पुन्हा गुळगुळीत करून पहिल्यापासून. दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून चुकायची मुभा फार नसते. पट्ट्याची प्रत्येक कडी वेगळी करावी लागते, त्यांच्या रेघा एकमेकींशी जुळाव्या लागतात.

या काळात मला कोणीही सुखानं काम करू दिलं नाही. जावयाचा तो मित्र रोज मोबाईलवर नव्या घड्याळांचे मोठे करून काढलेले फोटो पाठवायचा. रेघा अशा पाहिजेत, कोन इतका पाहिजे, व्हिडिओ पाठवा. मी एकदा त्याला लिहिलं की बाबा, तूच ये आणि कर. त्यानं हसणारा चेहरा पाठवला. नाना रोज सकाळी फोन करायचे, "व्हयनं का भाऊ?" आणि एक दिवस ते न सांगता स्वतःच येऊन उभे राहिले. मी नेमका ठोकळ्यावर केस ओढत होतो. त्यांनी एक झटका पाहिला आणि जवळजवळ ओरडलेच.

"आरे भाऊ, चांगली चमकेल घडी घासी ऱ्हायनात! काय करी ऱ्हायनात हाई?"

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही बाहेर चहा घ्या."

त्यांना कळत होतं, पण डोळ्यांना पटत नव्हतं. बाहेर बाकावर बसून ते दर मिनिटाला काचेतून आत डोकावत होते आणि माझा हात खाली गेला की तोंड फिरवत होते. मुलीचं घर वाचवायला त्यांच्याच देखत त्यांनीच चमकवलेलं घड्याळ मी खरवडत होतो. मला दया येत होती आणि डोकंही फिरत होतं, दोन्ही एकदमच.

काम झालं. स्वतःच सांगणं बरं नव्हे, पण सांगतो. रेघा अशा आल्या की मुंबईच्या टेबलावरच्या माझ्या उस्तादांनी सुद्धा मान डोलावली असती. चमक आणि मॅट यांच्यामधली रेषा पुन्हा उभी राहिली. कडा मात्र पूर्वीइतक्या धारदार झाल्या नाहीत. गेलेला धातू कुठून आणणार? मी फोटो काढून जावयाला पाठवले. त्यानं ते मित्राला दाखवले असणार, कारण उत्तर बऱ्याच वेळानं आलं. "छान झालंय. रविवारी येतो न्यायला." घड्याळाला की मुलीला, ते काही लिहिलेलं नव्हतं.

मी नानांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ते आले, आणि या वेळी सोबत जागृती होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. इतके दिवस तिच्याविषयी सगळे बोलत होते, मीही बोलत होतो, पण तिला कुणी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. शांत मुलगी. खांद्याला प्रवासाची बॅग. मला वाटलं, रविवारी सासरी जायचं म्हणून तयारीनंच आली असेल.

मी डबा उघडून घड्याळ मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. नाना वाकून बघायला लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच जुना भाव आला, की पुसट दिसतंय.

जागृतीनं घड्याळ उचलून उजेडात धरलं. "चाचा, पहिल्यासारखं झालं?"

"जवळपास. कडा गेल्या त्या गेल्या, बेटा. बाकी कुणाला ओळखू येणार नाही."

"त्यांच्या मित्राला येईल," ती म्हणाली आणि हसली. मग तिचं हसू गेलं. "आणि त्यालाही ओळखू आलं नाही तर ते मला न्यायला येणार. रेघा नीट आल्या म्हणून."

मला तरी वेगळं काय वाटत होतं? तिनं घड्याळ मनगटात घातलं. पुरुषाचं घड्याळ, सैल होतं, सरकून पार कोपराकडे गेलं. तिनं हात माझ्यासमोर धरला.

"याच्या कड्या काढता येतात ना? मला बसेल असं करून द्या."

नानांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "आवं जागृती, काय करस हाई? जवाईनं शे ते."

"त्यासनी परत करं ना नाना," ती म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "मनी बॅगमा घालीसन परत करं. तुम्ही लिधं, तुम्ही चमकाडं. आते मी घालस."

"आनि उद्या जवाई येवाव शे, त्याले काय सांगू?"

"सांगा, सोमवारे शाळा उघडस. मी आजच धुळे जाई ऱ्हायनू. मैत्रीणना कडे ऱ्हासू. त्यासले येवानं व्हई तं शाळामा या म्हना."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, ते रागानं की कशानं मला सांगता येणार नाही. आखाजीपासून या माणसानं शोरूमच्या पायऱ्या झिजवल्या, जावयाच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, सगळं एवढ्याचसाठी की मुलगी मानानं सासरी जावी. आणि मुलगी स्वतःच्या पायांनी निघाली होती. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"करा भाऊ. ती म्हणस तशी करा."

मी पिना ठोकून कड्या काढायला घेतल्या. एवढ्या वर्षांत इतक्या आनंदानं मी हे काम क्वचितच केलं असेल. ज्या कड्यांच्या रेघा जुळवताना माझी मान धरली होती, त्यांतल्या बऱ्याच काढून टाकाव्या लागल्या आणि मला त्याचं जरासुद्धा दुःख झालं नाही. घड्याळ तिच्या मनगटावर नीट बसलं. थोडं मोठं दिसत होतं, पण शोभत होतं. तिनं विचारलं, रोज वापरून ओरखडे पडतील का? मी म्हटलं, पडणारच, फळ्याला लागेल, टेबलाला घासेल. ती बरं म्हणाली.

काढलेल्या कड्या आमच्यात गिऱ्हाइकाला परत द्यायच्या असतात. पुढे मनगट भरलं किंवा घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेलं, तर त्या पुन्हा जोडाव्या लागतात. मी त्यांची कागदात पुडी बांधून तिच्यापुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"तुमच्याकडेच राहू द्या, चाचा. त्यांना हे घड्याळ खरंच पाहिजे असेल तर आधी माझ्याकडे येतील. मग मी त्यांना तुमच्याकडे पाठवीन."

नाना तिला धुळ्याच्या बसमध्ये बसवून द्यायला गेले. जाताना त्यांनी तिची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. जावयाला रविवारी काय सांगितलं, ते मला त्यांनी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. मित्राचे फोटो मात्र यायचे थांबले.

गेल्या महिन्यात जागृती आली होती. पट्ट्याची एक पिन सैल झाली होती. घड्याळ हातात घेतलं आणि पाहिलं तर माझ्या त्या रेघांवर आडवेतिडवे ओरखडे, एका कोपऱ्याला छोटासा पोचा, आणि कड्यांच्या सांध्यांत खडूची पांढरी पूड. एखाद्या गिऱ्हाइकानं असं घड्याळ आणलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. शाळेचं विचारलं, तर वर्ग मोठा मिळालाय म्हणाली. बाकीचं ती बोलली नाही. मी पिन बदलली, पूड ब्रशनं काढली आणि सवयीनं विचारलं, ओरखडे काढून देऊ का?

"राहू द्या," ती म्हणाली. "मीच पाडलेत."

कड्यांचं तिनं काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पुडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. न्यायला अजून कोणी आलेलं नाही.